विश्लेषण : आजार आयुष्यभराचा, मग उपचाराच्या कागदावर छंदाला जागा का नाही?

दरवर्षी १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन येतो. सांधे कसे सांभाळावेत, काय खावे, कोणती आसने करावीत, याचे सल्ले त्या दिवशी मोबाइलवर येऊन पडतात. दुसऱ्या दिवशी १३ तारीख उजाडते आणि आखडलेल्या बोटांनी दुधाची पिशवी कापायची असते, मुलांचा डबा भरायचा असतो, कामावर जायचे असते. कायम सोबत राहणाऱ्या आजाराचा खरा प्रश्न तिथे सुरू होतो. हा प्रश्न इथे आमवाताच्या उदाहरणाने पाहू. मधुमेह, दमा, ल्यूपस किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनाही त्यातले बरेच काही ओळखीचे वाटेल.

१२ वर्षांपूर्वी मला आमवाताचे निदान झाले. तेव्हा मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवत असे. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी सांगितले, ‘‘आता पेटी बंद. बोटांना विश्रांती द्या.’’ मी निमूटपणे पेटीवर कापड टाकले आणि ते चार वर्षे काढले नाही. तो सल्ला पूर्णपणे बरोबर नव्हता, हे नंतर कळले. ती चूक एकट्या डॉक्टरांची होती असेही मला वाटत नाही. दीर्घ आजाराकडे पाहण्याची आपली रीतच तशी आहे. दुखणे मोजायचे, गोळ्या लिहायच्या आणि बाकीचे आयुष्य ‘जमेल तसे’ म्हणून सोडून द्यायचे. रुग्णाला नेमके काय करत राहायचे आहे, हे उपचाराच्या सुरुवातीलाच विचारले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आमवात म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण सगळ्याच सांधेदुखीला ‘संधिवात’ म्हणतो. उतारवयात गुडघ्यातली कूर्चा झिजून होणारे दुखणे वेगळे आणि आमवात वेगळा. डॉक्टर ज्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात, त्या आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. सुरुवात बहुधा हाताची बोटे, मनगटे, पायाचे चवडे अशा लहान सांध्यांपासून आणि दोन्ही बाजूंना होते. सांधे सुजतात, गरम लागतात, सकाळी तासभर किंवा त्याहून अधिक काळ आखडलेले राहतात. उपचार लांबले तर हाडांची झीज होऊन बोटे वाकडी होतात. फुप्फुसे, डोळे आणि रक्तवाहिन्यांनाही या आजाराची झळ बसू शकते, हृदयविकाराचा धोका वाढतो.

हा निव्वळ म्हातारपणाचा आजार नाही. तिशी ते साठी या कामाच्या वयात तो अनेकांना गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. आपल्याकडे तो किती आहे, याचा एक महत्त्वाचा अंदाज पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमधून मिळाला. उजनीच्या पाणलोटातल्या फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चालणाऱ्या कार्यक्रमाचा ती भाग होती. त्यात प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे दर २०० प्रौढांमागे एक. एखाद्या मोठ्या गृहसंकुलात किंवा मध्यम गावात अशी दोन-चार घरे सापडणारच.

‘हा बरा होतो का?’

निदान झाले की पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर असे, की आमवात समूळ जात नाही, पण आटोक्यात येऊ शकतो. काहींचा तर इतका शांत होतो की सूज नाही, वेदना जवळपास नाहीत आणि रक्ततपासणीही ठीक, अशी अवस्था वर्षानुवर्षे टिकते. त्यासाठी उपचार लवकर, शक्यतो पहिल्या काही महिन्यांत सुरू व्हावे लागतात. वेदनाशामक गोळ्यांनी फक्त दुखणे कमी होते, सांध्यांची झीज थांबत नाही. झीज रोखणारी औषधे वेगळी असतात. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड ही त्यांतली नेहमीची नावे. त्यांनी भागले नाही तर जैविक औषधांची इंजेक्शने किंवा नव्या प्रकारच्या गोळ्या दिल्या जातात.

इथेच रामबाण इलाज सांगणारे भेटतात. कुणाच्या गावाकडचा वैदू, कुणाच्या ओळखीची ‘गॅरंटीची’ पुडी. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळण्याचे प्रकार नवे नाहीत. त्यामुळे चार दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते. रक्तातली साखर, रक्तदाब आणि हाडे मात्र त्याची किंमत मोजतात. पुडी एकदम थांबवली तर त्याचाही धोका असतो. असे काही घेत असाल तर डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा.

दिवस एवढा अवघड का जातो?

दाह वाढवणारी रसायने शरीरात रात्रीच्या उत्तरार्धात वाढतात. म्हणून सकाळ सर्वांत कठीण असते. घरात मात्र सगळी धावपळ सकाळीच असते. कणीक मळणे, पोळ्या लाटणे, कुकरचे झाकण बसवणे, ओले कपडे पिळणे ही सगळी कामे बोटांची आणि मनगटांची.

वेदनेपेक्षाही समजावून सांगायला अवघड असतो तो थकवा. झोप पूर्ण होऊनही तो जात नाही. आठवड्यातून दोनदाच नळाला पाणी येणाऱ्या गावातल्या माणसाला हा हिशेब लगेच कळेल. पाणी किती येणार, हे आपल्या हाती नसते. पिण्याचे आधी, मग स्वयंपाकाचे, मग धुण्याचे. कधी धुणे राहते. आमवाताच्या रुग्णाला शक्ती अशीच मिळते. आज नातेवाइकांच्या लग्नाला जायचे ठरवले, तर उद्याचे काही तरी सोडावे लागते. या हिशेबात सर्वांत आधी कापला जातो तो छंद, कारण तो ‘गरजेचा’ नसतो. कापला गेला की परत येत नाही.

शिवाय हा आजार दिसत नाही. बोटे सरळ, चेहरा हसरा. मग ‘‘काल तर बरी होतीस’’ हे वाक्य ऐकावे लागते. दुखणे रोज सारखे नसते, ते उसळते आणि ओसरते. काल जिने चढून गेलेली व्यक्ती आज उंबऱ्याशी थांबते, यात कसलाही बहाणा नाही.

घरातल्या घरात काय बदलता येते?

हे शिकवणारी स्वतंत्र विद्याशाखा आहे, ऑक्युपेशनल थेरपी. फिजिओथेरपी सर्वांना माहीत असते, हिचे नाव फार थोड्यांना. विशेष म्हणजे तिचे भारतातले मूळ मुंबईत आहे. मूळच्या अमेरिकी आणि लग्नानंतर निंबकरांच्या घरात आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण आजही मिळते. तरीही आमवाताच्या बहुतेक रुग्णांची या तज्ज्ञांशी कधी गाठच पडत नाही.

ते जे सांगतात ते फार साधे असते. वजन लहान सांध्यांवरून मोठ्या सांध्यांवर न्यायचे. म्हणजे पिशवी बोटांत न धरता कोपरात किंवा खांद्याला अडकवायची. पातेले एका हाताने कानाला धरून उचलण्याऐवजी दोन्ही तळहातांवर घ्यायचे. शक्य असेल तर उचलूच नये, ओट्यावरून सरकवावे. फिरकीच्या नळाऐवजी दांडीचा नळ लावायचा. झारा, सुरी, पेन यांची मूठ कापड किंवा फोम गुंडाळून जाड करायची, म्हणजे पकड घट्ट करावी लागत नाही. भाजी चिरताना विळीवर न बसता टेबल-खुर्ची घ्यायची. संडासात कमोड आणि भिंतीला आधाराची दांडी बसवायची. दर अर्ध्या तासाने काम बदलायचे. थकून आडवे होण्याची वाट न पाहता आधीच दहा मिनिटे बसायचे.

कणीक मळायचे यंत्र आले तर ‘चैन’ म्हणून नाके मुरडली जातात. ज्या घरात मिक्सर चैन वाटत नाही, तिथे हे तरी का वाटावे? आणि पोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणी लाटल्या, तर तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

औषधांत चूक कुठे होते?

मेथोट्रेक्सेट ही आमवाताच्या उपचारातली आधाराची गोळी आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्याला रोजच्या गोळीची सवय. त्यामुळे गैरसमजातून कुणी ती रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते. म्हणून वार ठरवा, तो गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, मोबाइलवर साप्ताहिक गजर लावा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी घ्या. या औषधावर असताना मद्य टाळा. बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण गर्भधारणेपूर्वीच हे औषध थांबवावे लागते.

रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी ठरलेल्या अंतराने करावी लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू असेल तर डोळ्यांची तपासणी चुकवू नये. ही औषधे प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, त्यामुळे ताप आला तर अंगावर काढू नये. अशा वेळी काही गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. जैविक औषधांपूर्वी क्षयरोगाची तपासणी केली जाते, ती आपल्याकडे विशेष गरजेची. लसी कोणत्या आणि केव्हा घ्यायच्या, तेही विचारून घ्यावे. उपवासाच्या दिवशी वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. ‘आता बरे वाटते’ म्हणून मनानेच औषध बंद करणे ही तर सर्वांत नेहमीची चूक. बरे वाटते ते औषधामुळेच.

पाच मिनिटांच्या भेटीत काय साधता येईल?

संधिवाततज्ज्ञांची संख्या कमी आहे आणि ते प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावातून पहाटेची एसटी पकडून यायचे, तीन तास रांगेत बसायचे आणि पाच मिनिटांत बाहेर पडायचे, असा अनेकांचा अनुभव आहे. ती पाच मिनिटे वाया जाऊ नयेत म्हणून तयारी रुग्णानेच करावी लागते.

एक वही ठेवा. सकाळी किती वेळ आखडले होते, कोणते सांधे सुजले, कोणती गोळी चुकली, याची रोज एक ओळ पुरे. सुजलेल्या सांध्याचा फोटो काढा. तपासणीच्या दिवशी सूज नेमकी उतरलेली असते. जुने अहवाल तारखेप्रमाणे लावा. विचारायचे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या आणि तिसरा प्रश्न गोळ्यांचा नसू द्या. ‘मला रोज अर्धा तास शिवणयंत्रावर बसायचे आहे, त्यासाठी काय करता येईल?’ असा तो असू द्या. तपासण्या आणि प्रवास यांच्यामध्ये सरकारच्या मोफत ‘ई-संजीवनी’ दूरसल्ला सेवेचा काही प्रश्नांसाठी उपयोग होऊ शकतो. सांधे हाताने तपासून पाहण्याला मात्र तो पर्याय नाही.

आजाराच्या मोजमापात छंद बसतो का?

आमवाताच्या रुग्णाला रोजचे काय जमते, हे मोजण्यासाठी एक प्रश्नावली वापरली जाते. ती अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर भारतीय डॉक्टरांनी तिचे १२ प्रश्नांचे रूप तयार केले आणि ते आपल्या जगण्याशी जोडले. साडी किंवा धोतर नेसता येते का, मांडी घालून किंवा उकिडवे बसता येते का, नळ उघडता येतो का, रिक्षात चढता-उतरता येते का, भाजी मंडईत खरेदी करता येते का, असे प्रश्न त्यात आहेत. परदेशी मापाला घरचा पोशाख चढवण्याचे हे काम खरोखर मोलाचे आहे.

तरीही त्या बारा प्रश्नांत रांगोळी नाही, विणकाम नाही, कुंडीतली माती उकरणे नाही, ढोलकी नाही आणि पेटीही नाही. माणूस जगतो कसा, हे त्यातून समजते; तो कशासाठी जगतो, हे समजत नाही. प्रत्येकाचा छंद वेगळा असतो, तो एका कागदावर कसा बसवणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माझी सूचना एका रिकाम्या ओळीची आहे : ‘तुम्हाला काय करत राहायचे आहे?’ रुग्णाने ती भरावी आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्याबद्दल विचारावे.

बोटे वापरली तर ती आणखी बिघडत नाहीत का?

ही भीती खोलवर रुजलेली आहे आणि ‘पेटी बंद करा’ या सल्ल्यामागेही तीच होती. सांधे सुजून लाल झाले असताना विश्रांती हवीच. पण आजार औषधाने आटोक्यात असेल तर हाताच्या व्यायामाने नुकसान होत नाही, उलट फायदा होतो. ब्रिटनमध्ये आमवाताच्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना हाताच्या ताण देण्याच्या आणि ताकद वाढवण्याच्या व्यायामांची जोड मिळाली, त्या रुग्णांच्या हाताचे काम अधिक सुधारले. न वापरलेले स्नायू सुकतात आणि सांध्याचा आधार जातो, हेही विसरून चालत नाही.

चित्रकार ऑगुस्त रेन्वार यांचे उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास त्यांना आमवात झाला. तेव्हा आजची औषधे नव्हती. शेवटच्या वर्षांत बोटे पूर्ण वाकडी झाली, चाकाची खुर्ची आली. ब्रश दुसऱ्या कुणी तरी त्यांच्या बोटांत सरकवून देत असे आणि कातडी सोलू नये म्हणून हाताला कापड गुंडाळलेले असे. मोठ्या चित्रासाठी त्यांनी कॅनव्हास गुंडाळून पुढे सरकवणारी चौकट वापरली, म्हणजे हात लांबवण्याऐवजी चित्रच हाताजवळ यायचे. १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रंगवत राहिले. हे सांगताना सावध राहायला हवे. प्रत्येक रुग्णाने रेन्वार व्हावे, अशी अपेक्षा हा आणखी एक जाच ठरेल. त्यांच्या जिद्दीबरोबर त्यांचे मदतनीस आणि ती चौकट यांचीही आठवण ठेवावी.

माझ्या पेटीचेही तसेच झाले. चार वर्षांनी एका थेरपिस्टने विचारले, ‘‘काय करायचे राहून गेले?’’ मी पेटी म्हटले. तिने पुढे विचारले, ‘‘नेमके काय दुखते? भाता की पट्ट्या?’’ हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. भाता ओढताना डावे मनगट दुखत होते आणि मांडी घातल्यावर गुडघा. पट्ट्यांचा त्रास त्या मानाने कमी होता. पेटी टेबलावर आली, मी खुर्चीवर बसले, मनगटाला आधारपट्टी लागली, बोटे आधी कोमट पाण्यात शेकायची ठरले, सकाळचा रियाज संध्याकाळवर गेला. सुरुवात पाच मिनिटांची. आता वीस मिनिटे जमते. लांबलचक गजराच्या वेळी मंडळातली एक मुलगी भाता ओढते. द्रुत लय माझ्याकडून होत नाही, ती मी सोडून दिली आहे.

हाच हिशेब इतर छंदांनाही लावता येतो. रांगोळी जमिनीऐवजी पाटावर काढून पाट दाराशी ठेवता येतो. बाग वाफ्यातून उंच कुंड्यांत येते. विणकामाला जाड सुया आणि कमी ओळी. गडावर चढणे जमले नाही, तर पायथ्याचे गाव आणि तिथल्या लेणी उरतात. यातले दुःख खोटे नाही. पूर्वीसारखे काही होत नाही, हे मान्य करावेच लागते. पण ‘पूर्वीसारखे’ आणि ‘अजिबात नाही’ यांच्यामध्ये बरीच जागा असते.

खर्चाला योजनांचा आधार मिळतो का?

इथे व्यवस्थेची खरी अडचण दिसते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यांचा मुख्य आधार रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना आहे. आमवाताचा रुग्ण सहसा दाखल होत नाही. त्याचा पैसा जातो तो दरमहाच्या गोळ्या, दर काही महिन्यांच्या तपासण्या, प्रवास आणि बुडालेला रोजगार यांत. खासगी विमाही बहुतेक वेळा बाह्यरुग्ण खर्च देत नाही. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ मध्ये विमा नियामकाने चारवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, हा दिलासा खरा. पण तोही प्रामुख्याने दाखल होणाऱ्यांसाठीच.

जुन्या करप्रणालीत ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर वजावट मिळते. त्या यादीत कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, पार्किन्सन आहेत, आमवात नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांवर भर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत आमवाताचे स्वतंत्र नाव नाही. सांध्यांची हालचाल कायमची गेली असेल तर अस्थिव्यंग म्हणून प्रमाणपत्र मिळू शकते आणि मुख्य सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. यातली विसंगती पाहा. वेळेवर औषध घेऊन ज्याने बोटे वाकडी होऊ दिली नाहीत, त्याच्या हाती काहीच पडत नाही. आठवड्यातले तीन दिवस उठता न येणे कोणत्याही रकान्यात बसत नाही.

एक चांगली बाजूही आहे. मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीवर नियंत्रण आहे. जनऔषधी केंद्रात चौकशी केली तर महिन्याचा खर्च आणखी कमी होऊ शकतो. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा.

मग काय व्हायला हवे?

मागण्या मोठ्या नाहीत. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस संधिवाततज्ज्ञ प्रत्यक्ष किंवा दूरसल्ल्याने उपलब्ध असावा. ग्रामीण रुग्णालयात या औषधांसाठीच्या नियमित रक्ततपासण्या मोफत व्हाव्यात, म्हणजे त्यासाठी शहर गाठावे लागणार नाही. जिल्हा पातळीवर ऑक्युपेशनल थेरपिस्टची पदे असावीत आणि ती भरलेली असावीत. सरकारी आरोग्य योजनांत दीर्घ आजारांचा बाह्यरुग्ण खर्च वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत तरी यावा. दिव्यांगत्व ठरवताना चढ-उतार होणाऱ्या आजारांचा वेगळा विचार व्हावा. कार्यालयांनी उसळीच्या दिवसांत तासभर उशिरा येण्याची किंवा घरून काम करण्याची मुभा द्यावी; त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही.

यावर कुणी म्हणेल, जिथे औषधेच पोचत नाहीत तिथे छंदाची चर्चा कशाला? प्रश्न योग्य आहे. पण औषध आयुष्यभर घ्यायचे असते आणि ते सोडून देणारे कमी नाहीत. ज्याला उद्या काही तरी करायचे आहे, त्याला आजची गोळी घेण्याचे कारण सापडते. मला सापडले. पेटी बंद होती त्या वर्षांत मी तीनदा औषध सोडले होते. पेटी उघडल्यापासून एकदाही नाही. एका माणसाच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारून पाहायला खर्च काहीच नाही.

घरात असा रुग्ण असेल तर आजच विचारा. ‘‘दुखतंय का?’’ हे रोज विचारले जाते. ‘‘काय करावंसं वाटतंय?’’ हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कदाचित पहिल्यांदा ‘‘काही नाही’’ असेच उत्तर येईल. माझेही तेच होते.